दूध कमी पडत होतं तेव्हा घरी बोलावलेल्या स्तनपान सल्लागार ताई: जळगावचा माझा अनुभव

माझी मुलगी १९ दिवसांची होती तेव्हा मी ही सेवा घेतली. आज ती साडेतीन महिन्यांची आहे आणि पूर्ण अंगावर पिते. मधल्या काळात मी काय काय विकत घेतलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, आणि ताईंना दिलेला एकेक रुपया मला सार्थकी लागला असं का वाटतं, ते सगळं लिहून ठेवते. जळगाव, भुसावळ, पाचोरा, अमळनेर या भागातली एखादी बाळंतीण रात्री तीन वाजता मोबाइल हातात धरून दूध कसं वाढेल हे शोधत असेल, तर हे तिच्यासाठी आहे.

ताई एकट्याच काम करतात. “माझं नाव, नंबर असा उघड्यावर टाकू नका,” असं त्या म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. मला नंबर मावसबहिणीकडून मिळाला. बालरोगतज्ज्ञांकडे विचारलंत तरी अशा सल्लागारांचा पत्ता लागतो.

माझं माहेर जळगावचं, सासर अमळनेर तालुक्यातल्या एका गावात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मार्चच्या शेवटी सिझेरियन झालं, रक्त बरंच गेलं. मुलीचं जन्मवजन २.८ किलो. पहिल्या रात्री मी गुंगीत असताना तिला पावडरचं दूध पाजलं गेलं. ना मला विचारलं, ना आईला. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण ती गोष्ट अजून टोचते. चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा वजन २.५९ होतं. इतकं उतरणं चालतं, सुरुवातीला जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत बाळ उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून काढतं. आमची मात्र १५व्या दिवशीही २.६२ वरच. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा ६० मिली पावडरचं दूध लिहून दिलं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, बाळाला उपाशी ठेवून चालत नाही. पण त्या कागदावरची ‘आईचं दूध अपुरं’ ही ओळ मी दिवसातून दहा वेळा वाचत होते.

घरात जो तो आपापल्या परीने हळहळत होता. आजेसासूबाई भेटायला आल्या, बाळाकडे बघून म्हणाल्या, “पोर रडस कसाले? पोटभर दूध मियत नही तिले.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी सहा लेकरं अंगावर वाढवली आहेत. पण ते ऐकून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आधी त्या दोन आठवड्यांत जे जे खाल्लं-प्यायलं त्याचं सांगते, कारण बहुतेक जणी तिथूनच सुरुवात करतात.

शतावरीचे दाणे मेडिकलमधून आणले, दुधातून दोन वेळा दोन चमचे. दोन डबे संपवले. दुधात फरक पडला असं मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. डब्यामागे घटक वाचले तर शतावरीच्या आधी साखर. मेथीचे लाडू आईने केले, दाणाबाजारातून मेथी, डिंक, खारीक, खोबरं आणून. चव उत्तम. पण मेथी मला सोसली नाही. पोटात वात धरला आणि घामाला मेथीचा वास यायला लागला. मेथीने साखर खाली येऊ शकते, त्यामुळे मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेथीचा मारा करू नये, हे मला नंतर कळलं. अळिवाची खीर मात्र मी मनापासून खाल्ली आणि अजून खाते. तिने दूध वाढलं का ते माहीत नाही, पण दुपारी चार वाजता गार झालेली खिरीची वाटी हातात आली की जीव थाऱ्यावर यायचा. शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी हे तर रोजचंच.

इतकं सगळं पोटात जात होतं आणि दूध होतं तिथंच होतं. का, ते ताई आल्यावर कळलं.

फोन केल्यावर चार दिवसांनंतरची वेळ मिळाली. ही या सेवेची पहिली उणीव. ज्या बाईचं बाळ वजन धरत नाही तिला चार दिवस म्हणजे चार महिने वाटतात. फोनवर त्यांनी एवढं मात्र लगेच सांगितलं, की बाळाच्या लघवीचा हिशेब लिहून ठेव आणि डॉक्टरांनी लिहिलेलं दूध माझ्या येण्याआधी बंद करू नकोस. बाळ सुस्त पडलं, पिण्यासाठी उठेना झालं, अंग पिवळं दिसलं किंवा लघवी फारच कमी झाली तर माझी वाट बघायची नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

एप्रिलच्या दुपारी, त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, डोक्याला ओढणी गुंडाळून स्कूटीवर आल्या. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतले, पाणी प्यायल्या आणि पिशवीतून डिजिटल वजनकाटा काढला. बाळाचं कपड्यांसकट वजन केलं आणि म्हणाल्या, “आता रोज पाजतेस तसंच पाज. मी काही बोलणार नाही.”

मी नेहमीसारखं बाळाला मांडीवर आडवं घेतलं, डोकं कोपरात, आणि स्वतः पुढे वाकून छाती तिच्या तोंडाशी नेली. ताई खाली जमिनीवर बसून खालून बघत होत्या. मुलगी चोखत होती आणि टक्-टक् असा आवाज येत होता. मला वाटायचं तो दूध पिण्याचा आवाज. वीस मिनिटांनी ती झोपली. ताईंनी मला बोंडी बघायला सांगितली. टोक तिरकं चपटं झालेलं, बोरूचं टोक छाटतात ना तसं. मग परत वजन, त्याच कपड्यांत. १८ ग्रॅम वाढलं होतं. वीस मिनिटांत १८ ग्रॅम.

“हिला दूध मिळत नाहीये, पण तुझ्यात दूध नाही असं अजून कुणीच सिद्ध केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं.

मग दोन तास बसल्या. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर घ्यायचं, तळहात तिच्या मानेखाली आणि खांद्यांमागे, डोक्याच्या मागे दाबायचं नाही. बाळाचं पोट माझ्या पोटाला चिकटलेलं, कान, खांदा, कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. नाक बोंडीच्या समोर आणि मग थांबायचं. हे थांबणंच मला जमत नव्हतं, जरा तोंड उघडलं की मी घाईने बोंडी आत सारायचे. ताई माझा हात धरून म्हणायच्या, “आऽ करू दे, अजून मोठा, अजून... आता.” आधी हनुवटी टेकते, मग खालचा ओठ बाहेर उलटा पसरतो, आणि काळ्या भागाचा खालचा बराचसा हिस्सा तोंडात जातो. वरच्या बाजूला तो जास्त दिसतो. पाचव्या की सहाव्या वेळी ते जमलं. दुखणं थांबलं. टक्-टक् थांबली. थोड्या वेळाने दोन-तीन चोखण्यांनंतर एक खोल गुटका ऐकू आला. आई दारात उभी होती, तिलाही ऐकू गेला.

चोखणं मंद झालं की छाती हाताने हळू दाबून धरायची, परत गुटके सुरू होतात, हेही दाखवलं. त्या एका बाजूने पिऊन झाल्यावर वजन केलं तर ३२ ग्रॅम. बाई तीच, दूध तेच.

त्यानंतर त्यांनी कारण समजावलं, आणि इतकं सोपं करून की माझ्या आईने ते नंतर शेजारणीला सांगितलं. दूध जितकं बाहेर निघतं तितकं शरीर नवीन बनवतं. छाती भरलेली राहिली की शरीराला निरोप जातो, पुरे आता, कमी बनव. बाळ नीट धरत नव्हतं म्हणून छाती रिकामी होत नव्हती, म्हणून दूध कमी होत चाललं होतं, म्हणून पावडर, आणि पावडरने पोट भरलं की ती तीन-चार तास झोपायची आणि छाती पुन्हा भरलेलीच. मी वरून लाडू घालत होते आणि खालून गाडं याच चाकोरीत फिरत होतं.

काम ठरवून दिलं. चोवीस तासांत दहा-बारा वेळा पाजायचं, रडायची वाट न बघता. ती जीभ बाहेर काढते, मुठी तोंडाशी नेते, तेव्हाच घ्यायचं. बहुतेक पाजण्यांनंतर दहा-पंधरा मिनिटं पंपाने काढायचं आणि निघेल ते तिलाच पाजायचं. रात्री दोन ते चारमधलं एक पाजणं चुकवायचं नाही, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. पावडर एकदम बंद करायची नाही, वजन वाढेल तशी डॉक्टरांना दाखवून उतरवायची. आणि बाटलीऐवजी बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजायचं. बोंडलं आमच्या घरात होतंच, मला लहानपणी औषध पाजायचं चांदीचं. आईने ते उकळून काढलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९. थायरॉइड ठीक. बाळंतपणात जास्त रक्त गेलं, अंगात रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलेलं असलं, वारेचा तुकडा आत राहिला, तरी दूध कमी येऊ शकतं, आणि हे तपासल्याशिवाय कितीही पावडरी खाल्ल्या तरी उपयोग नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दूध वाढवायची गोळी मिळते का, असं मी ताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ती डॉक्टरांनी तपासून द्यायची गोष्ट, मेडिकलमधून आपल्या मनाने घ्यायची नाही. नाक चोंदल्यावर घेतात त्यातल्या काही गोळ्यांनी दूध उलट कमी होतं, तेव्हा सर्दीची गोळीसुद्धा विचारून घे, हेही त्यांनीच सांगितलं.

पंप त्यांच्याकडूनच भाड्याने घेतला. महिन्याला १५०० रुपये आणि ३००० अनामत. दोन्ही बाजूंनी एकदम ओढणारा, बॅटरीवर चालणारा. ट्यूब आणि छातीवर बसवायचे फनेल नवीन विकत घ्यावे लागले, ते वेगळे. पंपाबद्दल दोन गोष्टी नक्की सांगते. एक, फनेलचं माप. खोक्यात २४ मिलिमीटरचं होतं, ताईंनी मोजून मला २१चं लागेल म्हणून सांगितलं. माप बदललं तेव्हा कुठे दुखायचं थांबलं आणि दूधही जास्त निघालं. दोन, बॅटरी. मे महिन्यात सासरी गेले तिथे दुपारचं भारनियमन, बॅटरी नसती तर पंप कपाटातच राहिला असता. बॅटरी संपली त्या दिवशी हाताने स्टीलच्या वाटीत काढलं, तेही ताईंनी शिकवून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंचं मिळून १० मिली. बाटलीच्या तळाशी जेमतेम. आईने ते बोंडल्यात ओतलं, थेंबही सांडू दिला नाही. पाचव्या दिवशी २५. एका आठवड्यात रोज संध्याकाळी एक तास असं केलं: २० मिनिटं पंप, १० मिनिटं विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप. बाळाला वाढीच्या दिवसांत सारखं सारखं प्यावंसं वाटतं, त्याची ही नक्कल. त्यानंतर एका वेळी ४० ते ५० मिली निघायला लागलं.

एक रात्र सांगते. तिसरा आठवडा संपत आलेला, रात्रीचे अडीच. कूलरचं पाणी संपलं होतं आणि खोलीत नुसती गरम हवा फिरत होती. मुलगी डावीकडे पीत होती. अचानक दोन्ही छातींत आतून झिणझिण्या आल्या, उजवीकडचा ब्लाउज ओला झाला आणि ओघळ पोटावर आला. मी घाबरून आईला उठवलं. तिने दिवा लावला, बघितलं, आणि खाटेच्या कडेवर बसून माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पान्हा फुटला गं बाई,” एवढंच म्हणाली. पान्हा हा शब्द मी गाण्यांत, ओव्यांत शंभरदा ऐकला होता. त्या रात्री तो मला लागू झाला.

वजनं लिहून ठेवली आहेत. १९व्या दिवशी २.६४, २६व्या दिवशी २.८३, ३३व्या दिवशी ३.०३. पावडर १८० मिलीवरून १२०, मग ६०, आणि ४१व्या दिवशी डॉक्टरांनी बंद केली तेव्हा ३.२५. या वयात दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली मानतात. लघवी दिवसाला सात-आठ वेळा. पाच दिवसांनंतरच्या बाळाला निदान सहा तरी हव्यात.

घरातल्यांशी बोलणं हे ताईंचं दुसरं मोठं काम. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे भट्टी, आणि बाळाचा घसा सुकेल म्हणून चमचाभर पाणी द्यावं असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. ताईंनी सासूबाईंना आणि आजेसासूबाईंना समोर बसवून सांगितलं, की सहा महिने पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको. सुरुवातीचं दूध पातळ असतं, तहान त्यातच भागते. पाण्याने पोट भरलं की दूध तेवढं कमी प्यायलं जातं. मध चाटवायचा तर वर्षभर नावच काढायचं नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आईने मात्र तहान लागेल तितकं पाणी प्यावं, पण उगाच तांबेच्या तांबे रिचवून दूध वाढत नाही. माझं मीठ आणि डाळ पथ्य म्हणून बंद होती, तीही सुरू करायला लावली. शेक-शेगडीला त्यांनी नाही म्हटलं नाही, पण त्या उन्हात दारं-खिडक्या बंद करून नको म्हणाल्या. लाडूंनाही नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, बाळंतिणीला रोजच्यापेक्षा पाचशे-सहाशे कॅलरी जास्त लागतात, आईच्या लाडवातून त्या येत असतील तर चांगलंच आहे. त्यामुळे आई त्यांच्या बाजूची झाली.

काढलेल्या दुधाचं एक आपल्या भागासाठी महत्त्वाचं. साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास चालतं असं सांगतात. आपल्या एप्रिल-मेच्या खोल्या तशा नसतात. ताईंचा नियम होता, लगेच पाजायचं, नाहीतर लगेच फ्रिजच्या आतल्या बाजूला, दारात नाही. फ्रिजमध्ये चार दिवस. वीज तासन् तास गेली तर त्याचा भरवसा धरायचा नाही.

आता तक्रारी. पहिलं वेळापत्रक फार जड होतं. दहा वेळा पाजणं आणि आठ वेळा पंप, त्यात टाके दुखत होते. तिसऱ्या दिवशी मी पंप गादीवर ठेवून दिला आणि आता होत नाही म्हणाले. दुसऱ्या भेटीत त्यांनी पंप पाचवर आणला, पण हे पहिल्याच दिवशी माझी तब्येत बघून ठरवायला हवं होतं. लिहून दिलेला कागद इंग्रजीत होता. रात्री बाळ घेणारी माझी आई, तिला तो वाचता येत नव्हता. सांगितल्यावर त्यांनी हाताने मराठीत लिहून दिला, तो अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. रविवारी फोन लागत नाही. सासरी गेल्यावर व्हिडिओ कॉल केला, पण गावात रेंज तुटत होती आणि धरण्यातली चूक पडद्यावरून कळत नाही, त्याचे पैसे फुकट गेले. पंपाची अनामत दहा दिवस उशिरा मिळाली, पूर्ण मिळाली.

पहिल्या भेटीचे १२०० रुपये, पुढच्या दोनचे ६०० प्रमाणे. शहराबाहेर जायचं तर प्रवासाचे वेगळे. प्रत्येकीला हे झेपणार नाही, याची मला जाणीव आहे, माझ्या वर्गातल्या मुलांच्या आयांना तर नाहीच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, वजन करतात, पाजणं बघतात, त्याचे पैसे लागत नाहीत. आमच्या गावच्या आशाताईंनी शेवटची दोन वजनं केली आणि धरणं बघून मान डोलावली. त्यांना बसवून घ्या, चहा द्या, त्यांच्यासमोर पाजा.

ताईंवर विश्वास बसण्याचं आणखी एक कारण. त्यांनी मला खाण्या-पिण्याची एकही गोष्ट विकली नाही. दाणे नाहीत, पावडर नाही, चहा नाही. भाड्याचा पंप दीड महिन्याने मीच परत केला. त्यांना अजून पंधरा दिवसांचं भाडं मिळालं असतं, पण त्याच म्हणाल्या, आता तुला याची गरज नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या चार दिवसांच्या थांबण्याचा आणि इंग्रजी कागदाचा.

मागच्या आठवड्यात आजेसासूबाई पुन्हा आल्या. मुलगी माझ्या उजव्या हातावर, पोटाला पोट, पीत होती. त्या जवळ बसून गुटके मोजत होत्या. मग पावडरचा डबा कुठे गेला म्हणून विचारलं. आईने स्वयंपाकघरातून आणून दाखवला. त्यात आता अळीव भरलेले आहेत.